शेळीच्या दातांची झीज आणि वयनिश्चिती : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना :
बाजारात गिऱ्हाईक शेळीचा खालचा ओठ दुमडून दात पाहते आणि ती आदत, दोन दाती, चार दाती की जुळलेली, हे ठरविते. या व्यावहारिक ज्ञानाला पुरातत्त्वाने पद्धतीचे रूप दिले. सेबॅस्टियन पेन यांनी तुर्कस्तानातील आश्वान काले येथील शेळ्यामेंढ्यांच्या जबड्यांचा अभ्यास १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे १९८२ मध्ये डेनिझ व पेन यांनी तुर्की अंगोरा शेळ्यांच्या दातांचे उगवणे आणि झिजणे यांविषयी लेखन केले. या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा तपासणे हा प्रस्तुत टिपणाचा उद्देश आहे.

विवेचन :
शेळीला कायमचे ३२ दात असतात. त्यांपैकी पुढचे ८ दात केवळ खालच्या जबड्यात असून ते साधारणतः चौथ्या वर्षापर्यंत पूर्ण होतात. उर्वरित २४ दाढा होत. बाजारातील नजर या ८ दातांपाशी थांबते. पेन यांनी दाढांना प्रमाण मानले, हे त्यांचे महत्त्वाचे योगदान होय; कारण रवंथ आणि पर्यायाने पोषण दाढांवरच अवलंबून असते.

तथापि, दात उगवणे बरेचसे कालबद्ध असले तरी झीज तशी नसते. पेन यांच्या मांडणीतील शेवटचे टप्पे ४ ते ६, ६ ते ८ व ८ ते १० वर्षे असे आहेत आणि ते झिजेवर आधारलेले आहेत. चाऱ्याबरोबर पोटात जाणारी माती मेंढ्यांचे दात झिजविते, हे न्यूझीलंडमध्ये हीली व लुडविग यांनी १९६५ मध्येच दाखविले होते. साहजिकच धुळीच्या, उघड्या माळावर चरणारी शेळी आणि गोठ्यात पाल्यावर पोसलेली शेळी यांची झीज एकाच कोष्टकाने मोजणे धोक्याचे ठरते. झीज जलद झाली, तर तरुण शेळीचा जबडा म्हातारा भासेल आणि मांसासाठी पाळलेला कळप लोकर वा दुधासाठी पाळलेला समजला जाईल. इनामगावसारख्या दख्खनच्या कोरड्या प्रदेशातील अवशेषांचा अर्थ लावताना ही सावधगिरी आवश्यक आहे.

प्रश्न केवळ इतिहासाचा नाही. पुढचे दात शाबूत असूनही दाढा झिजलेली शेळी चारा असताना खंगते आणि पालक जंताचे औषध पाजत राहतो. याउलट, पुढचे दात पडलेली, परंतु दाढा सुस्थितीत असलेली शेळी बारीक केलेल्या चाऱ्यावर तगू शकली असती. तरीही ती म्हातारी म्हणून कवडीमोलाने विकली जाते. अल्पभूधारक कुटुंबाला हे नुकसान परवडणारे नसते.

निष्कर्ष :
झीज ही वयाची नोंद असते, त्याचबरोबर ती चाऱ्याची व जमिनीचीही नोंद असते. म्हणून पेन यांची पद्धत त्याज्य नाही; मात्र ती स्थानिक पुराव्याने पडताळली पाहिजे. जन्मतारखेची वही आणि मृत्यूनंतर जपलेला जबडा एवढ्या सामग्रीवर हे काम ग्रामीण महाविद्यालयांतही होऊ शकते.