नोंदवही वाचणे आणि नोंद राखणे

लिनक्सच्या कर्नलमध्ये २००१ च्या २.४ आवृत्तीपासून नेटफिल्टर ही फायरवॉल-यंत्रणा चालू जोडण्यांची नोंद ठेवीत आली आहे. कर्नलमध्येच चालणाऱ्या ईबीपीएफ प्रोग्रॅमांना या नोंदी शोधण्याची मुभा २०२२ च्या ५.१८ आवृत्तीने दिली. या मुभेचे व्याकरण काटेकोर आहे. शोध निष्फळ ठरण्याची शक्यता न तपासता नोंद वापरणारा, अथवा घेतलेली नोंद न सोडणारा प्रोग्रॅम पडताळक दाखलच करून घेत नाही. परंतु व्याकरणशुद्ध वाक्य सत्य असतेच असे नाही.

धुळ्याहून जाणाऱ्या मुंबई-आग्रा मार्गावर एखादा नाका कल्पावा. जळगावच्या केळीच्या गाड्या पहारेकरी वही पाहून नाक्याअलीकडूनच आडवाटेने काढून देतो; वहीत त्यांची भर पडत नाही. एक्सडीपीच्या थरावरून परस्पर धाडलेल्या पॅकेटांचे हेच होते. परिणामी मूळ मांडणीत दुतर्फा चालू असलेल्या यूडीपी संवादाची नोंदही १२० सेकंदांनी पुसली जाते. उलट, निरोपाची पॅकेटे याच वाटेने गेल्यास संपलेल्या टीसीपी जोडणीची नोंद ५ दिवसांपर्यंत टिकू शकते.

त्याच वर्षीच्या ६.० आवृत्तीने नोंदीची मुदत व काही स्थितिचिन्हे बदलण्याचे अधिकार दिले, हे खरे. तथापि वहीची सत्यता राखण्याचा भार त्यामुळे वाचकावरच पडला. शिवाय या फंक्शनांच्या स्थैर्याची हमी कर्नल देत नाही. वाचनाचा अधिकार देताना लेखनाचे कर्तव्य कोणाचे, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णितच राहतो.