तुळजापूरचा गोंधळ : रचना आणि उगम

लोकसाहित्याच्या अभ्यासात उगमाचा शोध हा नेहमीच आकर्षक विषय ठरला आहे. एखाद्या विधीचे नाव जुन्या ग्रंथात आढळले, की त्याचा इतिहासच हाती आला असा समज दृढ होतो. तुळजाभवानीच्या उपासनेतील गोंधळाविषयी असेच काहीसे झाले आहे. परंतु नावाचा उगम आणि रचनेचा उगम या दोन भिन्न गोष्टी होत. त्यांची गल्लत झाली म्हणजे रचनेचे स्वरूपच दृष्टीआड होते. धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर हे या विधीचे एक प्रमुख केंद्र असल्यामुळे तेथील परंपरा समोर ठेवून हा प्रश्न तपासणे उचित ठरेल.

प्रथम नावाचा विचार करू. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात सिद्ध झालेल्या शार्ङ्गदेवाच्या ‘संगीतरत्नाकरा’त ‘गौंडली’ या नृत्यप्रकाराचे वर्णन आहे. त्याच शतकातील जायसेनापतीच्या ‘नृत्तरत्नावली’त या नृत्याचा संबंध कल्याणच्या सोमेश्वर राजाशी जोडलेला आहे. कल्याण म्हणजे आजचे बसवकल्याण. ते धाराशिव जिल्ह्याच्या पूर्व सीमेपासून फार दूर नाही. यावरून ‘गोंडली’पासून ‘गोंधळ’ अशी व्युत्पत्ती सुचविली जाते. स्थळ आणि काळ तिला अनुकूल आहेत. ध्वनी मात्र तितकेसे अनुकूल नाहीत. मूर्धन्य ‘ड’च्या जागी दंत्य महाप्राण ‘ध’ येणे हा मराठीतील नियमित विकार नव्हे. स्त्रीलिंगी नृत्यवाचक शब्दाचा पुल्लिंगी विधिवाचक शब्द कसा झाला, याचाही उलगडा व्हावा लागतो. कानडीतही ‘गोंदल’ हा शब्द गडबड, घोटाळा या अर्थाने आहे आणि मराठी ‘गोंधळा’लाही तो अर्थ आहे. ज्या प्रदेशात दोन भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या, तेथे कोणी कोणापासून शब्द घेतला हे केवळ रूपसादृश्यावरून ठरविता येत नाही.

ही व्युत्पत्ती मान्य केली तरीही मूळ प्रश्न सुटत नाही. ‘गौंडली’ हे मुख्यतः एका नर्तकीचे नृत्य आहे. गोंधळ हा लग्नादी मंगलकार्यानंतर गोंधळ्यांच्या समूहाने रात्रभर चालविलेला कुलाचार आहे. नाव एकीकडून आले असेल. रचना तेथून आली असे त्यावरून सिद्ध होत नाही.

रचना पाहू गेल्यास तिचे अवयव स्पष्ट दिसतात. नव्या वस्त्रावर धान्याचा चौक भरून त्यावर कलश मांडला जातो आणि दिवटी प्रज्वलित होते. पूर्वरंगात गण आणि देवतांचे आवाहन असते. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर अशा ठिकाणच्या देवतांना एकामागून एक पाचारण केले जाते. उत्तररंगात आख्यान लागते. नायक कथा सांगतो, साथीदार मधूनच शंका काढतो, थट्टा करतो आणि कथेला पुढे ढकलतो. शेवटी आरती होते. संबळाची जोडी आणि तुणतुण्याची एकच तार ही या सर्वांची वाद्यसामग्री. तुणतुणे सूर धरून ठेवते. संबळ कधी गायकाच्या मागे राहतो, कधी कडव्याच्या शेवटी एकटाच पुढे येऊन सबंध समूहाची लय चढवितो. एक आणि अनेक यांच्या या देवघेवीवरच गोंधळाची उभारणी झालेली आहे.

या अवयवांचे उगम एका ठिकाणी सापडत नाहीत. आवाहनाचा भाग क्षेत्रपरंपरेतून आला आहे. आख्यानांपैकी ‘जांभूळाख्याना’त कर्णाविषयी द्रौपदीच्या मनात दडलेल्या अभिलाषेची कथा आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक संहितेत ती नाही. तिचे मूळ मौखिक परंपरेतच शोधावे लागते. संतवाङ्मयाशी असलेला संबंध तर उभयपक्षी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी गोंधळ आणि जोगवा ही विधीची रूपे घेऊन त्यांवर अध्यात्मपर रूपके रचली. पुढे त्यांचा जोगवा देवीच्या उपासकांच्याच मुखी रूढ झाला. येथे मूळ कोणते आणि अनुकरण कोणते, हा प्रश्नच अपुरा ठरतो.

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासातील एक उदाहरण या ठिकाणी उद्बोधक आहे. मोझार्टचे पहिले चार पियानो-कंचेर्टो १७६७ सालचे. ते त्याने अकराव्या वर्षी स्वतंत्रपणे रचले, असे दीर्घकाळ मानले जात होते. विसाव्या शतकात संशोधकांनी दाखवून दिले, की त्यांतील भाग राउपाख, होनाउअर, शोबर्ट, एकार्ट प्रभृती इतर रचनाकारांच्या सोनाटांतून घेतलेले आहेत. मग मोझार्टचे त्यात काय उरले? वाद्यवृंदाचे भाग त्याने घातले. एकल वाद्य आणि समूह यांचा संवाद त्याने जुळविला. कंचेर्टो या प्रकाराचे कंचेर्टोपण या संवादातच आहे. उगम सापडल्याने रचनेचे श्रेय नष्ट झाले नाही. ते नेमके कोठे आहे, एवढेच कळले. गोंधळ एका रचनाकाराचा नाही, तो परंपरेचा आहे, हा भेद खराच. तथापि कसोटी तीच लागू पडते. द्रव्य कोठूनही आलेले असो. त्याचा क्रम आणि परस्परसंबंध हीच रचना होय.

ही कसोटी मान्य केल्यास संकलनाच्या प्रचलित पद्धतीतील उणीव ध्यानात येते. ॲकवर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ साली पोवाडे छापून मोठेच कार्य केले. अफझलखानवधावरील अज्ञानदासाचा पोवाडा त्यामुळेच अभ्यासकांच्या हाती आला. परंतु छापील पोवाड्यात शब्द उरतात. तुणतुणे आणि झीलकरी गळून पडतात. पुढील बहुतेक गीतसंग्रहांनी हीच वाट चोखाळली. साथीदाराची शंका ‘असंबद्ध’ म्हणून वगळली जाते आणि संबळाचे एकट्याचे आवर्तन तर कागदावर येतच नाही. गोंधळापुरते बोलायचे तर अशा संग्रहात नेमका गोंधळच शिल्लक राहत नाही.

म्हणून तुळजापूर परिसरात काम करणाऱ्या संशोधकाने सुटी गीते न वेचता चौक भरण्यापासून आरतीपर्यंतचा सबंध प्रयोग ध्वनिमुद्रित करावा. कदमराई आणि रेणुराई या दोन्ही परंपरांतील क्रम शेजारी ठेवून पाहावेत, आणि मगच उगमाविषयी विधान करावे. व्युत्पत्तीचा प्रश्न त्यानंतरही अनिर्णित राहील कदाचित. परंतु ज्याची व्युत्पत्ती शोधावयाची ती वस्तू तरी तोवर हातची गेलेली नसेल.