संगीत ॲप आणि मराठी गीताची ओळख : श्रोत्यांच्या अडचणींच्या अनुषंगाने एक चिकित्सा

प्रस्तावना :

ध्वनिमुद्रिका, आकाशवाणी, कॅसेट, सीडी अशा टप्प्यांनी मराठी गाणे घरोघरी पोहोचले. आज ते मोठ्या प्रमाणावर मोबाईलवरील संगीत ॲपमधून ऐकले जाते. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या, संग्रामपूर तालुक्यातील सोनाळ्यासारख्या गावातील श्रोत्याच्या हाताशीही आता अक्षरशः लाखो गाणी आहेत. तथापि गाणे संग्रहात असणे आणि ते श्रोत्याला सापडणे या दोन भिन्न गोष्टी होत. मागितले एक आणि लागले दुसरेच, गाण्यांचा क्रम बिघडला, यादीतील गाणे एकाएकी नाहीसे झाले, रेंज जाताच गाणे थांबले, या तक्रारी सर्वपरिचित आहेत. त्यांकडे सामान्यतः गैरसोय म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, मराठी गीताच्या बाबतीत यांतील महत्त्वाच्या तक्रारींचे मूळ गीताच्या सदोष नोंदीत आहे. त्यामुळे प्रश्न केवळ सोयीचा न राहता सांस्कृतिक स्मृतीचा होतो.

१. कवीची अनुपस्थिती :

याचे उत्तम उदाहरण बुलडाणा जिल्ह्यातच सापडते. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे (१९०९–२०००) यांची ‘शीळ’ ही कविता खामगाव येथे जन्मलेले गायक गो. ना. जोशी (१९०९–१९९४) यांनी ध्वनिमुद्रिकेवर गायिली. मराठी भावगीताच्या आरंभाचा विचार या गीताचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जात नाही. एकाच जिल्ह्यातील, एकाच वर्षी जन्मलेल्या कवी आणि गायक यांच्या संयोगातून एक काव्यगायनप्रकार रुजण्यास हातभार लागला, ही बाब या भागातील विद्यार्थ्याला ठाऊक असावयास हवी. परंतु ॲपवर ठळकपणे दिसते ते गायकाचे नाव, संग्रहाचे नाव आणि एक चित्र. कवीचे नाव बहुधा आतल्या एखाद्या पानावर असते. अनेकदा तेथेही नसते. भावगीत हे मुळात काव्य आहे. कवीविना त्याची नोंद अपुरीच ठरते.

नोंद अपुरी असली की गैरसमज दृढ होतात. ‘गुळाचा गणपती’ (१९५३) या चित्रपटासाठी भीमसेन जोशी यांनी गायिलेले इंद्रायणीकाठचे गीत ऐकणाऱ्यास संतरचना वाटावे असे आहे. प्रत्यक्षात ते ग. दि. माडगूळकरांचे असून संगीत पु. ल. देशपांडे यांचे आहे. भक्तिगीतांच्या सरमिसळ संग्रहात हा भेद पुसला जातो. कर्तृत्वाचा उल्लेख हा निव्वळ सौजन्याचा भाग नाही. कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५७ ने कर्त्याचा हा हक्क मान्य केला आहे, तर २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या मानधनातील वाट्याला संरक्षण दिले आहे.

२. लिपी आणि शोध :

मराठी गाण्यांची नावे ॲपवर प्रायः रोमन लिपीत नोंदविलेली असतात. या लिपीत ‘ल’ आणि ‘ळ’ यांतील भेद लोपतो. ‘शीळ’ आणि ‘शील’ एकच होतात. ऱ्हस्वदीर्घाचे लेखन ज्याच्या त्याच्या मनाप्रमाणे असल्याने एकाच गाण्याची अनेक रूपे संभवतात आणि शोध फसतो. नामसाम्याचाही प्रश्न आहे. ‘कट्यार काळजात घुसली’ हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ चे. त्याचे संगीत जितेंद्र अभिषेकी यांचे. त्यावरील चित्रपट २०१५ चा. त्यात जुन्या पदांबरोबर शंकर-एहसान-लॉय यांच्या नव्या रचनाही आहेत. वसंतराव देशपांडे यांचे गायन शोधणाऱ्यास नाटक आणि चित्रपट यांतील फरक दाखवणारी सोय हवी.

३. क्रमाचा प्रश्न :

‘गीत रामायण’ १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले. त्यातील ५६ गीते कथाक्रमाने गुंफलेली आहेत. मूळ प्रसारणात माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर आदी अनेकांचे स्वर होते. पुढे सुधीर फडके यांच्या एकट्याच्या आवाजातील संच सर्वत्र पोहोचला. अशी कृती उलटसुलट क्रमाने वाजविणे म्हणजे ग्रंथाची पाने विस्कटणे होय. २०२१ मध्ये ब्रिटिश गायिका अडेल यांच्या आग्रहावरून स्पॉटिफायने संग्रहाच्या पानावरील सरमिसळ क्रमाचे ठळक बटण काढले. म्हणजेच हा दोष तांत्रिक अपरिहार्यता नसून निर्णयाचा भाग आहे.

४. स्थैर्याचा अभाव :

कॅसेट श्रोत्याच्या मालकीची होती. ॲपवरील गाणे तसे नसते. उतरवून घेतलेले गाणेही बहुधा त्याच ॲपमध्ये आणि वर्गणी चालू असेतोवरच वाजते. २०२४ मध्ये विंक म्युझिक बंद झाले. सेवा बंद पडते तेव्हा श्रोत्याने परिश्रमाने जमविलेल्या याद्याही धोक्यात येतात. डोंगरपट्ट्यात, जेथे रेंज बेभरवशाची असते, तेथे ही अडचण अधिक जाणवते.

आक्षेपाचा विचार :

नोंदी संगीत कंपन्या पुरवितात, ॲपचा त्यात दोष नाही; शिवाय बहुसंख्य श्रोते गायकाच्या नावानेच शोध घेतात, असा आक्षेप संभवतो. त्याचा पहिला भाग अंशतः ग्राह्य आहे. परंतु शोधाची सवय जे समोर मांडले जाते त्यावरूनच घडते. ध्वनिमुद्रण आणि मूळ रचना यांना स्वतंत्र आंतरराष्ट्रीय संकेतांक देण्याची व्यवस्था उपलब्ध आहे. ‘आठवणीतली गाणी’ या मराठी संकेतस्थळाने तर गीतकार, संगीतकार, स्वर, राग, गीतप्रकार अशी नोंद करून दाखविली आहे. एका संकेतस्थळाला जे साधते ते मोठ्या कंपन्यांना अशक्य म्हणता येणार नाही.

निष्कर्ष व सूचना :

१) गाणे वाजत असताना गायकासोबत कवी व संगीतकार यांची नावे दर्शनी भागावर असावीत.
२) मूळ नोंद देवनागरीत करून रोमन रूपे तिला जोडावीत.
३) नाटक, चित्रपट, आकाशवाणी व मैफल असा मूळ स्रोत वर्षासह द्यावा.
४) कथाक्रमाच्या कृती मूळ क्रमानेच सुरू व्हाव्यात.
५) श्रोत्याला आपली यादी अन्यत्र नेता यावी.

नोंद दुरुस्त झाली तर पहिल्या चार सूचना बव्हंशी साध्य होतील. पाचवीसाठी मात्र धोरण बदलावे लागेल. हे काम केवळ कंपन्यांवर सोपवून भागणार नाही. महाविद्यालयांतील मराठी व संगीत विभागांनी आपल्या जिल्ह्यातील कवी, संगीतकार व गायक यांच्या ध्वनिमुद्रित गीतांची प्रमाणित सूची तयार केल्यास दुरुस्तीसाठी विश्वसनीय आधार मिळेल. बुलडाणा जिल्ह्यात त्याचा प्रारंभ ना. घ. देशपांडे यांच्यापासून व्हावा, हे उचित ठरेल.