राममोहन रॉय यांची तीन निवेदने आणि त्रैक्याचा प्रश्न

राजा राममोहन रॉय यांचे नाव निघाले की आपल्या वर्गात सतीबंदी आणि ब्राह्मो समाज एवढ्यावर विषय संपतो. १८०३-०४ च्या सुमारास त्यांनी 'तुहफत-उल-मुवह्हिदीन' ही पुस्तिका फारसीत लिहिली व तिला अरबी प्रस्तावना जोडली, हे सांगितले की विद्यार्थ्यांना नवल वाटते. परंतु याच गृहस्थाने १८२० ते १८२३ या काळात सेरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांशी त्रैक्यावर जो वाद केला, तो आपल्याकडे क्वचितच मुळातून वाचला जातो. वाचलाच तर बहुधा दारूगोळा शोधण्यासाठी. या वाचनपद्धतीविषयीच येथे लिहावयाचे आहे.

वादाचे निमित्त साधे होते. १८२० मध्ये राममोहन यांनी 'प्रिसेप्ट्स ऑफ जीझस' हे संकलन काढले. त्यात शुभवर्तमानांतील नीतिवचने घेतली; चमत्कार व सिद्धान्तविषयक भाग वगळला. 'फ्रेंड ऑफ इंडिया'तून जोशुआ मार्शमन यांनी यावर कडाडून टीका केली. प्रायश्चित्ताचा सिद्धान्त काढून टाकला तर नुसत्या उपदेशाने तारण कसे होणार, हा त्यांचा मुद्दा होता, आणि त्यांच्या भूमिकेतून तो गैरलागू नव्हता. मात्र त्यांनी संकलनकर्त्याला मूर्तिपूजकांत जमा केले, हे राममोहन यांना विशेष लागले. उत्तरादाखल एकामागून एक तीन निवेदने निघाली. तिसऱ्याच्या वेळी बाप्टिस्ट मिशनच्या छापखान्याने छपाईस नकार दिला, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना उभारला.

या निवेदनांचे बळ मूळ संहितेच्या वाचनात आहे. "मी आणि पिता एक आहोत" (योहान १०:३०) या वचनावर प्रतिपक्षाची मोठी भिस्त होती. राममोहन त्याच शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायाकडे बोट दाखवतात. तेथे येशू शिष्यांसाठीही तशाच एकत्वाची प्रार्थना करतो. मग हे एकत्व सत्त्वाचे की इच्छेचे? ग्रीक व हिब्रू भाषांचा आधार घेऊन ते हा प्रश्न चिकाटीने लावून धरतात.

भाषेवरून आठवले. विल्यम ॲडम हे बाप्टिस्ट मिशनरी राममोहन यांच्यासह नव्या कराराच्या बंगाली भाषांतराचे काम करीत होते. योहानाच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या वचनात 'दिआ' या ग्रीक अव्ययावर गाडी अडली. सर्व काही शब्दा'ने' निर्माण झाले की शब्दा'च्या द्वारे'? पहिल्या अर्थी तो स्वतः कर्ता ठरतो, दुसऱ्या अर्थी साधन. एका शब्दयोगी अव्ययावर किती मोठी इमारत उभी असते, हे मराठीच्या अध्यापकांना वेगळे सांगावयास नको. १८२१ मध्ये ॲडम यांनी त्रैक्य सोडले. 'दुसऱ्या आदमचे पतन' अशी त्यांची थट्टा झाली.

परंतु निवेदनांची एक उणीवही नोंदली पाहिजे. अनेक देव सोडून आल्यावर पुन्हा तीन व्यक्तींचा देव का मानावा, असे राममोहन विचारतात. येथे त्रैक्य हा केवळ अंकगणिताचा प्रश्न होतो. ३२५ ची निकियाची परिषद आणि ३८१ ची कॉन्स्टँटिनोपलची परिषद यांच्या दरम्यान ग्रीक धर्मपंडितांनी 'ऊसिया' (सत्त्व) आणि 'हिपोस्टॅसिस' (व्यक्ती) यांत जो भेद केला, त्याला निवेदनांत पुरेसा न्याय मिळत नाही. तो भेद पटणे न पटणे हा वेगळा प्रश्न. पण एकत्व टिकविण्यासाठीच तो केला गेला, हे सांगणे अध्यापकाचे काम आहे.

हे मी स्वतःच्या चुकीवरून लिहितो. काही वर्षांपूर्वी 'ख्रिस्ती लोक तीन देव मानतात' या उत्तराला मी निःशंक पूर्ण गुण दिले होते. वर्गातील एका ख्रिस्ती मुलीने उत्तरपत्रिका परत देताना म्हटले, "सर, आम्ही एकच देव मानतो. तुम्ही आम्हाला विचारले नाहीत." माझ्याजवळ उत्तर नव्हते. तौहीदविषयी कुणी ऐकीव माहितीवर लिहिले तर आपण किती अस्वस्थ होतो!

दुसरी चूक याच्या उलट होते. त्रैक्य नाकारणारा प्रत्येक ख्रिस्ती आपल्या जवळचा, असे गृहीत धरले जाते. मायकेल सर्व्हेटस यांना १५५३ मध्ये जिनिव्हात जाळण्यात आले, तर ट्रान्सिल्व्हेनियात फ्रान्सिस डेव्हिड १५७९ मध्ये तुरुंगात मरण पावले. यहोवाचे साक्षीदार येशूला देवाची पहिली निर्मिती मानतात. ही भूमिका एरियसच्या जवळची आहे. वननेस पेंटेकॉस्टल मंडळी १९१६ मध्ये असेंब्लीज ऑफ गॉडपासून वेगळी झाली. तेही त्रैक्य मानत नाहीत, पण कारण नेमके उलटे आहे: पिता, पुत्र, आत्मा ही त्यांच्या मते एकाच देवाची प्रकट रूपे असून येशूत तो देव पूर्णपणे आहे. एकजण येशूला देवपदावरून खाली घेतो, दुसरा त्याच्याखेरीज देव शोधतच नाही. दोघांना एकाच कंसात घालणारी गाईडे आपल्या विद्यार्थ्यांच्या हाती आहेत. मेघालयात १८८७ मध्ये हाजोम किसोर सिंग यांनी सुरू केलेले खासी युनिटेरियन मंडळ आजही कार्यरत आहे. त्याचे नावही या गाईडांत सापडत नाही.

तेव्हा दुसरे निवेदन वाचावयास द्यावे, पण मार्शमन यांचे उत्तर सोबत ठेवून. बी.एड.च्या वर्गात तर याला आणखी एक धागा आहे. बंगाल-बिहारमधील देशी शिक्षणावरचे १८३५-३८ चे जे ॲडम अहवाल तेथे अभ्यासाला असतात, ते याच ॲडम यांचे.