अष्टप्रधानांच्या कार्यविभागणीसंबंधी दोन मतांचे परीक्षण

शिवकालीन अष्टप्रधानांविषयी दोन मते विशेष प्रसिद्ध आहेत. न्या. रानडे यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात या मंडळाची तुलना तत्कालीन हिंदुस्थान सरकारच्या कार्यकारी मंडळाशी केली. जदुनाथ सरकार यांनी १९१९ साली याच्या उलट बाजू घेतली. त्यांच्या मते महाराज स्वतःच आपले मुख्य प्रधान होते व आठही जण त्यांचे चिटणीस. दोन्ही मतांत तथ्यांश आहे. मात्र खात्यांच्या सीमा प्रत्यक्षात कशा होत्या, हा प्रश्न दोन्हींत मागे पडतो.

१६७४ च्या राज्याभिषेकसमयी पेशव्याचा मुख्य प्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. पदे बहुतेक जुनीच होती; नवी होती ती त्यांची एकत्र मांडणी. अमात्याने हिशेब पाहावा, सचिवाने राजपत्रे तपासावी, सुमंताने परराज्यांशी व्यवहार ठेवावा, अशी ही विभागणी कागदावर रेखीव दिसते. परंतु न्यायाधीश व पंडितराव वगळता उरलेल्या सर्वांकडे प्रसंगी फौज घेऊन जाण्याचे कामही होते. मोरोपंत पिंगळे १६७२ साली साल्हेरच्या युद्धात होते. अण्णाजी दत्तो यांचा १६७३ मधील पन्हाळ्याच्या मोहिमेत भाग होता, आणि कोकणातील जमीन-मोजणीशीही त्यांचेच नाव निगडित आहे. वास्तविक हा विषय अमात्याच्या दप्तराला अधिक जवळचा! अशा माणसांना चिटणीस म्हणून बाजूस सारणे कठीण आहे.

तथापि रानड्यांची तुलनाही टिकत नाही. मंडळ म्हणून या आठांवर कोणतीही सामुदायिक जबाबदारी नव्हती. प्रत्येक जण स्वतंत्रपणे छत्रपतींना जबाबदार होता. खाती एकमेकांत शिरत, आणि त्यांचा मेळ घालणारे स्थान सिंहासन हेच होते. एप्रिल १६८० मध्ये ते रिकामे होताच याचा प्रत्यय आला. अण्णाजी दत्तो व मोरोपंत राजारामांच्या बाजूने उभे राहिले. सेनापती हंबीरराव मोहिते यांनी मात्र संभाजीराजांचा पक्ष घेतला. वारसाचा निर्णय मंडळाने कसा करावा, याची तरतूदच नव्हती.

पुढील ऱ्हासाचे कारण रानड्यांनी पदांच्या वंशपरंपरेत पाहिले, ते योग्यच आहे. शाहूंच्या काळी १७१३ साली बाळाजी विश्वनाथ पेशवे झाले आणि १७२० साली ते पद त्यांच्या पुत्राकडे गेले. पण वंशपरंपरेइतकाच परिणाम नेमणुकीच्या स्वरूपातील बदलाने घडविला. राजारामांच्या धामधुमीच्या काळापासून रोख वेतनाची जागा वतने व सरंजाम घेऊ लागले, जिंजीस अष्टप्रधानांबाहेर प्रतिनिधी हे नवे पद निर्माण झाले, आणि खाते हे काम न राहता मुलूख बनले. सचिवाचे भोर आणि प्रतिनिधीचे औंध ही संस्थाने १९४८ साली विलीन झाली, तोपर्यंत तेथील अधिपती पंतसचिव व पंतप्रतिनिधी हीच नावे लावीत होते. राजपत्रे तपासण्याचे काम मात्र त्यांच्याकडे कधीच उरले नव्हते.