बाली हाई बेटावरून उलट पाहताना

जेम्स मिचनरच्या ‘टेल्स ऑफ द साउथ पॅसिफिक’मधलं बाली हाई हे बेट नकाशावर शोधलंत तर सापडणार नाही. ते ज्या बेटावरून सुचलं ते मात्र सापडेल. दुसऱ्या महायुद्धात मिचनर अमेरिकन नौदलात होता. एस्पिरितू सांतो बेटावरच्या अवाढव्य तळावर त्याचा मुक्काम होता आणि तिथून पूर्वेला, समुद्रापलीकडे, आंबाए हे ज्वालामुखीचं बेट दिसायचं. मिचनरने त्याला दुसरीकडच्या एका खेड्याचं नाव दिलं आणि गोष्टीत लिहिलं, की फ्रेंच मळेवाल्यांनी अमेरिकन सैनिकांच्या भीतीने आपल्या बायकामुली तिथे नेऊन ठेवल्या आहेत. म्हणजे स्वप्नातलं बेट: दिसतं, पण जाता येत नाही.

पुस्तक १९४७ साली आलं, १९४८ साली त्याला पुलित्झर मिळालं, १९४९ साली त्यावरून ब्रॉडवेवर ‘साउथ पॅसिफिक’ ही संगीतिका आली आणि १९५८ साली सिनेमा. अमेरिकेच्या एका अख्ख्या पिढीने पॅसिफिक पाहिला तो या खिडकीतून. माझा आक्षेप या खिडकीच्या जागेबद्दल आहे.

सांतो आणि आंबाए ही दोन्ही बेटं तेव्हाच्या न्यू हेब्रिडीजमधली, म्हणजे आजच्या वानुआतूमधली. १९०६ ते १९८० या वसाहतीवर ब्रिटन आणि फ्रान्स या दोन जुन्या प्रतिस्पर्ध्यांचं एकत्र राज्य होतं. एकत्र म्हणजे वाटणी करून नव्हे. तीच जमीन, तेच लोक आणि वर दोन सरकारं. दोन रेसिडेंट कमिशनर, दोन पोलीसदलं, दोन तुरुंग, दोन प्रकारच्या शाळा, दोन चलनं. वाद निवडायला एक संयुक्त न्यायालय, आणि त्याचा अध्यक्ष नेमायचा स्पेनच्या राजाने, कारण तो दोघांपैकी कुणाचाच नाही. या व्यवस्थेचं अधिकृत नाव ‘कॉन्डोमिनियम’. लोक तिला ‘पॅन्डेमोनियम’ म्हणायचे.

वाचताना हसू येतं, आणि इथेच सावध व्हायला हवं. या वसाहतीबद्दल जे लिहिलं जातं, त्यातलं बरंचसं याच विनोदावर चालतं: बघा, साहेबलोक किती मूर्ख! पण हा विनोद साहेबांच्या टेबलावरचा आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, म्हणून मला तो असा दिसतो: एका सिस्टिमला दोन ॲडमिन आहेत, दोघांना सगळे अधिकार आहेत, दोघं एकमेकांचे बदल अडवताहेत, हे गमतीचं आहे. पण ज्याच्यासाठी सिस्टिम आहे म्हणतात, त्याचं खातंच उघडलेलं नाही, हे गमतीचं नाही.

आणि इथे अक्षरशः तसंच होतं. बाहेरून येणाऱ्या परदेशी माणसाला आपल्यावर ब्रिटिश कायदा चालावा की फ्रेंच, हे निवडावं लागे. तिथल्याच मातीत जन्मलेल्या मेलानेशियन माणसाला ही निवड नव्हती. तो ब्रिटिश नाही, फ्रेंच नाही, कुठल्याच देशाचा नागरिक नाही. परदेशी जायचं तर दोन्ही कमिशनरांच्या सह्यांचा कागद लागे. दोन मालक, आणि नागरिकत्व शून्य.

मिचनरच्या पुस्तकात हे का येत नाही? त्याला अन्याय दिसत नव्हता असं नाही. पुस्तकाचा गाभाच वंशद्वेष आहे. आर्कान्सासची नर्स नेली फोरबुश फ्रेंच मळेवाल्या एमिल द बेकच्या प्रेमात पडते आणि त्याला वेगवेगळ्या वंशांच्या बायकांपासून आठ मुली आहेत हे कळल्यावर हादरते. तिला सगळ्यात जास्त सलतं ते त्यातल्या काहींची आई पॉलिनेशियन असणं. एका अमेरिकन लेखकाने युद्ध नुकतंच जिंकलेल्या आपल्या लोकांना हा आरसा दाखवला, त्याला धाडस लागतं. पण या सगळ्या उलाघालीतही ज्यांची ही बेटं, ते मेलानेशियन लोक कडेलाच उभे आहेत. अमेरिकन मनाची परीक्षा चालू आहे आणि बेट हे परीक्षा केंद्र आहे.

ब्लडी मेरीचंच बघा. पुस्तकातलं सगळ्यात जिवंत पात्र. सैनिकांना गवताचे घागरे विकणारी, शिव्या घालणारी, आपली मुलगी लियात हिला लेफ्टनंट केबलच्या गळ्यात बांधू पाहणारी. ही बाई टाँकिनची, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनामची. ती इथे कशी? फ्रेंच मळेवाल्यांना मजूर हवे होते आणि टाँकिन फ्रान्सच्याच ताब्यात होतं. तिथून करारावर माणसं बोटीत भरून आणली गेली. म्हणजे मेरी ही या वसाहतीच्या यंत्रणेतूनच आलेली बाई आहे. मिचनर तिचा धंदा आणि तिची जीभ अप्रतिम टिपतो. पण तिला इथे आणणारा करार तिच्या गोष्टीचा कणा होत नाही. कणा होतो तो केबलचा नकार.

आता खिडकी बदलू. १९४६ साली, म्हणजे मिचनरचं पुस्तक यायच्या एक वर्ष आधी, त्याच आंबाए बेटावर ग्रेस मेरा मोलिसा जन्मली. बाली हाई जिच्यासाठी घर होतं अशी कवयित्री. स्वातंत्र्य चळवळीत ती होती आणि ३० जुलै १९८० रोजी वानुआतू स्वतंत्र झाल्यावर पहिले पंतप्रधान वॉल्टर लिनी यांच्यासोबत तिने काम केलं. १९८३ साली तिचा ‘ब्लॅक स्टोन’ हा संग्रह आला. ओळी एकेका, दोन-दोन शब्दांच्या. फोनच्या पडद्यावर सहज मावतील अशा, पण वाचायला जड. धुकं नाही, दूरवरचं बेट नाही. काळा ज्वालामुखीचा दगड आहे, ज्यावर पाय रोवून उभं राहायचं आहे. जमीन तिथे देखावा म्हणून येत नाही. वानुआतूच्या राज्यघटनेने देशातली सगळी जमीन मूळ परंपरागत मालकांची ठरवली, हे लक्षात ठेवून तो दगड वाचावा.

मोलिसा एवढ्यावर थांबली असती, तर ‘गोऱ्याने चुकीचं लिहिलं, आमच्या माणसाने बरोबर लिहिलं’ एवढंच म्हणून आपण मोकळे झालो असतो. ती थांबत नाही. परंपरेला तिथे ‘कस्टम’ म्हणतात. स्वातंत्र्याच्या लढ्यात हाच शब्द हत्यार होता. मोलिसा विचारते, हे हत्यार आता बायकांवर का उगारलं जातंय? १९८७ च्या तिच्या पुस्तकाचं नाव ‘कोलनाइज्ड पीपल’ आहे. दोन्ही झेंडे उतरून सात वर्षं झाली होती. गुलाम कोण उरलं होतं? तिचं उत्तर: बायका.

हे उत्तर मिचनरला देता येणं शक्य नव्हतं. ते प्रतिभेच्या कमीअधिकपणामुळे नव्हे. लांबून पाहणाऱ्याला वसाहतीचं टोक दिसतं, शेवट दिसतो. तिथे राहणाऱ्या बाईला मालक बदलताना दिसतो.

म्हणून मिचनर वाचू नका असं मी म्हणणार नाही. जरूर वाचा, पण मोलिसानंतर वाचा. मग बाली हाईवर लपवलेल्या बायकांचा उल्लेख येईल तेव्हा तुम्हाला पहिला प्रश्न सैनिकांचा पडणार नाही. त्या बेटावर आधीपासून राहत असलेल्या बायका कुठे आहेत, हा पडेल.