कीर्ती आणि खेळ

विनोद कांबळी यांची कथा आपल्याकडे एखाद्या बोधकथेप्रमाणे सांगितली जाते. १९८८ साली शारदाश्रमच्या दोन विद्यार्थ्यांनी हॅरिस ढालीच्या सामन्यात ६६४ धावांची अखंड भागीदारी केली. कीर्ती दोघांसही एकदमच लाभली. सचिन तेंडुलकर यांनी ती पचविली, कांबळी यांना ती बाधली, असे तिचे तात्पर्य. आमच्या अणदूरच्या पारावरही हा निवाडा एकमताने होतो. आम्हांस मात्र ही टीका आळशी वाटते.

१९९३ च्या आरंभी कांबळी यांनी मुंबईस इंग्लंडविरुद्ध २२४ आणि लगोलग दिल्लीस झिंबाब्वेविरुद्ध २२७ धावा काढल्या. म्हणजे लौकिकाचा मद चढावयाचा तो ज्या काळी, त्याच काळी त्यांची फलंदाजी सर्वाधिक तळपत होती! सतरा कसोटींत १०८४ धावा, सरासरी ५४.२०, आणि १९९५ साली अखेरची कसोटी खेळले तेव्हा वय अवघे तेवीस. मध्यंतरी, १९९४ च्या अखेरीस, वेस्ट इंडीजच्या आखूड टप्प्याच्या वेगवान चेंडूंपुढे त्यांच्या तंत्रातील दोष उघडा पडला. तो दुरुस्त होण्याजोगा होता काय, हा खरा समीक्षेचा प्रश्न. परंतु लोक बोलत राहिले ते त्यांच्या कानांतील बाळीविषयी. कीर्तीचा अपाय झालाच असेल, तर तो येथे झाला: माणूस इतका दिसू लागला की त्याचा खेळ दिसेनासा झाला.

बरे, कीर्तीने खेळ झाकला जातो म्हणावे, तर जेथे कीर्तीच नाही तेथे तो स्पष्ट दिसावयास हवा. आमच्याच जिल्ह्यातील सारिका काळे यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला खो-खो संघाने २०१६ साली गुवाहाटीस दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार लाभला, तेव्हा त्या आमच्या तुळजापूर तालुक्यात क्रीडाधिकारी होत्या. आम्हांस वाचावयास मिळाले ते पदक, पुरस्कार आणि घरची गरिबी. त्या खांबाशी हुलकावणी कशी देत, दमसास कसा राखीत, याविषयी अवाक्षर नाही. गरिबीचे कौतुक हीदेखील एक बाळीच!

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीस पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळे यांच्या संघाने नेपाळला ७८-४० असे हरविले. सत्कार झाले, छायाचित्रे निघाली. त्या आक्रमणाचे चांगले वर्णन आम्ही अद्याप शोधीत आहो.